येळवसेचं पहिलं ताट

दुपारचा एक वाजून गेला तरी बिराजदारांच्या शेतात कुणाच्या तोंडात घास गेला नव्हता, आणि त्याला कारण कडूबाई होती. ती आंबिलीचं मातीचं बिंदगं मांडीशी धरून कोपीच्या तोंडाशी बसली होती. तिला उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. दरवर्षी येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, अणदूरहून सकाळच्या एसटीनं माहेरी येणार, कडब्याच्या झोपडीवजा कोपीत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांच्या पांडवांना हात जोडणार आणि मग दिवसभर कुणाचं काय चुकलं ते सांगणार. तिचं सांगणं घरानं आजवर एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं होतं. यंदा मात्र पूजा झाल्या झाल्या तिनं विचारलं, "सिद्धारामाकडं ताट गेलं का?" आणि जो तो दुसऱ्याकडं बघू लागला.

बिराजदारांची जुनी रीत होती. पूजा झाली की भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं पहिलं ताट वाढायचं, ते चार बांध पलीकडे सिद्धारामच्या शेतात पोचवायचं, मगच घरच्यांनी जेवायला बसायचं. असं का, हे कुणी विचारत नसे. सिद्धारामची जमीन पाच एकर, बिराजदारांची चाळीस. तेव्हा मोठ्यानं लहानासाठी घास काढून ठेवायचा, एवढा अर्थ सगळ्यांनी आपल्या सोयीनं लावून घेतला होता.

यंदा ताट गेलं नाही, कारण रणधीरच्या डोक्यात कल्पना आली होती. रणधीर म्हणजे कडूबाईच्या धाकट्या, वारलेल्या भावाचा मुलगा. वय अडतीस. त्याला सरपंच व्हायचं होतं. कोपीशेजारच्या दोन बाभळींमध्ये त्यानं हा एवढा फ्लेक्स ताणून बांधला होता: 'बिराजदार घराण्याची दीडशे वर्षांची अन्नदान परंपरा'. खाली मूळपुरुष श्रीमंत खंडेराव घोड्यावर बसलेले. घोडा कुठल्याशा लग्नपत्रिकेवरून उचललेला होता, हे उघड दिसत होतं. ताट तिकडं पाठवायचं नाही, सिद्धारामलाच इकडं बोलवायचं, फ्लेक्सपुढं बसवून वाढायचं, फोटो काढायचा, असा बेत होता. सिद्धाराम फोनवर "बघू" म्हणाला होता आणि रणधीरला ते 'हो' वाटलं होतं.

"येईल की आत्या. निघाला आसंल," रणधीर म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता.

"त्यानं कामून यावं? ताट आपण न्यायचं आसतंय."

"जमाना बदललाय आत्या."

"जमाना बदलू दे. ताट जाईस्तोवर हितं कुणी जेवायचं न्हाय."

वर्षाराणीनं हातातला डाव पातेल्यात आपटला. ती रणधीरची बायको. पहाटे तीनला उठून तिनं चाळीस माणसांची भज्जी शिजवली होती, शंभर उंडे वळले होते, लोहाऱ्याहून आलेल्या नवऱ्याच्या दोस्तांसाठी खीर जास्तीची केली होती. आता भज्जीवर साय धरत होती, पोरं बोरं खाऊन खाऊन दात आंबवून बसली होती आणि दोस्तमंडळी घड्याळाकडं बघत होती. तिला आत्याचा राग आला होता, नवऱ्याचा त्याहून जास्त. पण चारचौघांत नवऱ्याविरुद्ध बोलायचं नाही म्हणून ती म्हणाली, "आत्या, एक फोटोच तर काढायचाय. त्यात कुणाचं काय जातंय?"

"तू गप," कडूबाई म्हणाली. हे वर्षाराणीनं मनात धरून ठेवलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण बिराजदारांच्या घरात एका वेळी एकच भांडण कधी झालेलं नाही.

कडूबाईचा पाठचा भाऊ बब्रुवान गुरुजी. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला होता. करजसूर हे हजार-बाराशे वस्तीचं गाव, नकाशातसुद्धा नीट सापडत नाही. त्याच्यासाठी या माणसानं तीन वर्षं घालवली. सत्तरी ओलांडल्यावर मोडी शिकले. धाराशिवला खेटे घातले, हैदराबादेला दोनदा जाऊन आले, कुणाच्या माळ्यावरचं दप्तर मिळेल तिथं जाऊन धूळ खाल्ली. आठ दिवसांनी गावची जत्रा. तेव्हा पुस्तक निघायचं होतं. छपाईचा सगळा भार रणधीरनं आनंदानं उचलला होता, कारण पहिल्या पानावर खंडेराव येणार होते.

आज सकाळी गुरुजींची नात निकिता, जिनं सगळं पुस्तक टाइप केलं होतं, तिनं छापखान्याकडून आलेली अखेरची प्रत घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली. बत्तीस पानं. ती कुणी वाचणार नाही याची तिला खात्री होती आणि एरवी ती खरीही ठरली असती. पण सिद्धारामची वाट बघता बघता रणधीरला काही उद्योग नव्हता. त्यानं फोन उघडला तो नेमका तिसऱ्या प्रकरणावर.

"आण्णा," तो मोठ्यानं म्हणाला. "हे काय लिवलंय तुमी?"

गुरुजी चिंचेखाली सतरंजीवर बसले होते. त्यांना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. फक्त तो जत्रेनंतर यावा अशी त्यांची इच्छा होती. "कुठलं?"

"एकोणीस नंबरचं पान. 'खंडू हा सदर बाईकडे सालगडी होता.' सालगडी? आपला मूळपुरुष? अन् वर फ्लेक्सवर त्यो घोड्यावर बसलाय!"

"घोडा तू बसवलायस. मी न्हाय."

"आण्णा, चेष्टा नगं. हे परकरण काढा."

"न्हाय निघत."

"कामून न्हाय निघत?"

"खरं हाय म्हणून."

रणधीरनं दोस्तांकडं पाहिलं. ते खीर मिळायची आशा सोडून भांडण ऐकायला सरसावून बसले होते. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. चार वर्षं तो गावात 'आम्ही मूळचे' म्हणत फिरत होता. समोरच्या पार्टीच्या हातात हे पान पडलं तर पारावर त्याचं नाव काय पडेल हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं. चुलत्याला गावाच्या इतिहासाची एवढी फिकीर, आणि पुतण्याच्या उद्याची काहीच नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

"चारच्या आत छापखान्याला सांगायचंय," तो आवाज खाली आणत म्हणाला. "एक फोन करा. तिसरं काढा, बाकी राहू द्या. मी हात जोडतो."

"आबा, काढू नका," निकिता म्हणाली.

"तू मधी बोलू नगंस. तूच गटावर टाकलंयस."

"टाकलं ते चुकलं, काका. पण जे लिहिलंय ते चुकीचं नाही. कागद आहे." तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या आवरणातली झेरॉक्स काढली. "वाचू का? सगळ्यांना एकदा ऐकू तर दे."

"वाच," कडूबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकायचा हक्क तिनं कधी सोडला नव्हता.

गुरुजींनी खाली देवनागरीत उतरवून ठेवलेलं निकितानं वाचलं. दीडशे वर्षांपूर्वीची भाषा, अर्धी मोडीतली मराठी, अर्धी उर्दू. ती एकेक वाक्य वाचून सोपं करून सांगत गेली. मयत बसप्पा याची बेवा, म्हणजे विधवा, हिनं माळ फोडून, धोंडे वेचून ही जमीन वहितीला आणली. तिला मूलबाळ नाही. सालगडी खंडू यानं तिच्याकडं बारा वर्षं नांगर धरला. ती आता थकली म्हणून जमीन खंडूला कसायला दिली. त्यानं आणि त्याच्या वंशानं ती खावी. अट एक. दर येळवसेला पहिलं ताट खंडूनं आपल्या हातानं मालकिणीच्या दारी पोचवावं, तिच्यामागं तिच्या भावाच्या वंशाच्या दारी.

"भावाचा वंश म्हणजे सिद्धारामचं घर," निकिता म्हणाली आणि कागद खाली ठेवला.

लांब कुणाच्या तरी शेतात पिकावर आंबील शिंपडताना दिलेली हाळी ऐकू आली. त्यांची जेवणं झालेली दिसत होती.

"आमचे दादा," कडूबाई आपल्या वडिलांबद्दल हळू आवाजात म्हणाली, "सवता न्यायचे ताट. डोक्यावर. पायातलं काढून, आनवाणी. म्या लहान असताना मागं मागं जायची. कामून म्हणून इचारलं तर म्हणायचे, न्ह्यायचं आसतंय. मग रणधीर, तुज्या बापाला कंबरेचं दुखणं. त्यानं गड्याच्या हाती धाडाय सुरुवात केली. गडी सिद्धारामाच्या बांधावर ठेवायचा अन् माघारी यायचा. अन् आता तू त्यालाच हितं बोलवलास, फोटू काढाय."

गुरुजींनी मान वर केली नाही. ताट गड्याच्या हाती जाऊ लागलं तेव्हा घरात थोरले तेच होते. त्यांना शाळा होती, परीक्षा होत्या, निवडणुकीची कामं होती. पुस्तकात त्यांनी अटीचा शब्दन् शब्द छापला होता. ती अट या घरात कुणी मोडली, हे मात्र त्यांनी छापलं नव्हतं.

"आसंल कागद," रणधीर म्हणाला. "कागदं लई आसतेत. पर आज ती जमीन आपल्या नावावर हाय का न्हाय? हाय. मग जुनं उकरून काय मिळायलंय तुमाला? आत्या, तुमी तरी सांगा आण्णाला. घराण्याचं नाव जातंय."

"घराण्याचं नाव," वर्षाराणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती डाव हातात घेऊन उभी होती.

"अकरा वर्षं मी हे ताट वाढते. सगळ्यात मोठा उंडा त्यात घालते. गड्याच्या हातात देताना मला दरवेळी वाटायचं, किती मोठं मन आपलं. गरिबाला आधी घालतो आपण." तिचा चेहरा तापला होता. "अन् ते त्यांचंच होतं व्हय? आपण त्यांचंच त्यांना देऊन वर मिरवायलो होतो? अन् तुमी त्याचा फ्लेक्स केलाव?"

"वर्षे, तू तरी—"

"म्या काय? भज्जी गार झाली ती झाली. आता हे ताट गेल्याबिगर म्या पण कुणाला वाढत न्हाय."

रणधीरला आत्याशी भांडता येत होतं, चुलत्याशीही. पण जिच्या हातात डाव होता तिच्याशी भांडून उपयोग नव्हता. त्यानं फ्लेक्सवरच्या घोड्याकडं पाहिलं आणि त्याला पहिल्यांदाच तो घोडा बावळट वाटला.

वर्षाराणीनं ताट वाढलं. पितळी ताट, काठोकाठ. वर खिरीची वाटी, आंबिलीचा तांब्या. गुरुजी उठले, पायातल्या चपला काढल्या आणि ताट घेतलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी डोक्यावर ताट तोलणं त्यांना जमेना. ते त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"तांब्या तू घे," कडूबाई रणधीरला म्हणाली. "अन् पायातलं काढ."

"आत्या, ढेकळं हायत, कडब्याची धसकटं—"

"तुज्या आज्याला काय गादी हातरली हुती व्हय?"

दोस्तांपैकी कुणीतरी हसलं. रणधीरनं बूट काढले.

चार बांध म्हणजे फार लांब नाही. पण अनवाणी माणसाला हरभऱ्याच्या रानातून ते लांब वाटतं. रणधीर दर चार पावलांवर थांबून तळव्यातलं धसकट काढत होता आणि दर वेळी काहीतरी पुटपुटत होता. गुरुजींनी एकदाही मागं पाहिलं नाही. ते मनात जुळवणी करत होते. सिद्धारामच्या आईला, सिताबाईला, ही गोष्ट कशी सांगायची? एकदम सांगितलं तर म्हातारीला धक्का बसेल. आधी कागदाचं सांगावं, मग जमिनीचं. तिच्या घराण्याचा मान आपण पुस्तकात छापतोय, घरच्यांशी भांडून छापतोय, हेही ओघानं सांगावं. आपण तिच्यासाठी काही मोठं घेऊन निघालो आहोत, असं त्यांना वाटत होतं. तीन वर्षांत त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

सिद्धारामच्या शेतातल्या कोपीपुढं नऊ-दहा माणसं बसली होती. पुढ्यात ताटं होती, ताटांत काही नव्हतं. दोन लहान पोरी रडून रडून झोपी गेल्या होत्या. सिद्धाराम उठून पुढं आला. त्याचा चेहरा चांगलाच वैतागलेला होता.

"गुरुजी, दोन वाजायलेत. पोरींच्या पोटात सकाळपासनं कायी न्हाय."

"तुला तर तिकडं बोलवलं होतं," रणधीर म्हणाला. "तुमी जेवून घ्यायचं की मग!"

"कसं जेवायचं? ताट आल्याबिगर आमच्यात कुणी जेवत न्हाय. आजपातुर कधीच न्हाय जेवलं."

गुरुजी ताट घेऊन तसेच उभे राहिले. इकडंही लोक उपाशी राहून वाट बघतात, हे त्यांना माहीत नव्हतं. पुस्तकात तर नव्हतंच.

सिताबाई कोपीच्या तोंडाशी बसल्या होत्या. अंगानं वाळलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी गुरुजींच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, मग रणधीरच्या.

"आज मालक सवता आले," त्या म्हणाल्या. "ठेवा खाली."

गुरुजींनी ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि समोर बसले. "सिताकाकू, एक सांगायचंय. मला एक जुना कागद सापडलाय. आमची जी जमीन हाय, ती मुळात—"

"आमच्या सासऱ्याच्या आज्याच्या आत्तीची. व्हय."

गुरुजी पुढं सरकले. "तुमाला म्हाईत हाय?"

"म्हाईत नसाय काय झालं? सासूनं सांगितलेलं, तिला तिच्या सासूनं. ह्या सिद्धारामाला म्या सांगितलंय. त्याच्या पोरींना बी सांगणार हाय."

"मग आजवर बोलला कसं न्हाय तुमी?" गुरुजींचा आवाज चढला. तीन वर्षांचा सगळा शीण त्यात आला. "मी ह्या एका गोष्टीपायी हैदराबादेला दोन खेपा केल्या! मोडी शिकलो! डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं!"

"तुमी इचारलं का?" सिताबाई शांतपणे म्हणाल्या. "गावातनं कुणीबी सांगायचं, गुरुजी धाराशिवला गेल्यात, गुरुजी हैदराबादला गेल्यात, गावाचा इतिहास लिवायलेत. म्या म्हणलं, येतील कवा तरी. हैदराबाद जवळ पडलं तुमाला. हे चार बांध न्हाय वलांडता आले."

पस्तीस वर्षं गुरुजींनी पोरांना बाकावर उभं केलं होतं. आज त्यांना स्वतःलाच उभं केल्यासारखं वाटलं आणि ते खरंही होतं.

"काकू," रणधीरनं मध्येच विचारलं. त्याला आपला प्रश्न पडला होता. "अन् समजा, आज ताट आलंच नसतं तर?"

"तर जमीन मागायची."

"म्हंजी?"

"म्हंजी मागायची. पारावर चार माणसं बसवायची अन् मागायची. सासूनं तसंच सांगितलेलं. ताट येतंय तवर तोंड उघडायचं न्हाय. न्हाय आलं की गप बसायचं न्हाय." त्यांनी उन्हाकडं पाहिलं. "दिस मावळंस्तोवर वाट बघणार हुतो. सिद्धाराम म्हणत हुता, आत्ताच जाऊ."

सिद्धारामनं मान हलवली. तो चेष्टेच्या विचारात नव्हता.

रणधीर तांब्या धरून उभा होता तो खालीच बसला. कायद्यानं काय होतं आणि काय नाही, हे त्यालाही कळत होतं. पण पारावर सिताबाईंनी हे मागितलं असतं तर गावात कुणी कायद्याचं पुस्तक उघडलं नसतं, हेही कळत होतं.

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून तळहात पुढं धरला. "काकू, कागदात त्या बाईचं नाव न्हाय. नुसतं 'बसप्पाची बेवा'. पुस्तकात काय लिहू?"

"गंगव्वा," सिताबाई म्हणाल्या. "दर येळवसेला आंबील शिपताना तिच्या नावानं हाळी देतो आमी. इतक्या मोठ्यानं देतो. कधी ऐकलं न्हाय?"

"न्हाय," गुरुजी म्हणाले. ते डोळे पुसत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. त्यांनी तळहातावर नाव लिहिलं, फुंकर घालून वाळवलं आणि मग रणधीरकडं हात केला. "फोन दे."

"आण्णा..."

"फोन दे म्हणलं ना."

रणधीरनं दिला. छापखान्यातल्या माणसाला गुरुजींनी सांगितलं, की आज काहीही यंत्रावर चढवू नका. पुस्तक जत्रेला निघणार नाही. हो, ठाऊक आहे, पानं लावून झालीत. तरी नाही. मला सगळं पुन्हा लिहायचंय. ती गंगव्वा तिसऱ्या प्रकरणात नाही, पहिल्यात पाहिजे. आणि शेवटचं प्रकरण आमच्या घरावर आहे, ते अजून लिहिलेलंच नाही.

इकडं सिताबाईंनी ताटातला उंडा मोडला, थोडा पांडवांपुढं ठेवला, थोडा तोंडात टाकला. तेवढ्यानं सगळ्या कोपीत हालचाल सुरू झाली. वाढणं सुरू झालं, पोरींना हलवून उठवलं गेलं.

"बसा," त्या दोघांना म्हणाल्या. "उपाशी हायसा तुमीबी."

बिराजदारांच्या घरातलं कुणी आजवर त्या कोपीत जेवलं नव्हतं. रणधीर तळव्यातलं रक्त पुसत पत्रावळीपुढं बसला. तिकडं आपले दोस्त, आपला फ्लेक्स, आपली चाळीस माणसं अजून उपाशी आहेत हे त्याच्या डोक्यात होतं, पण उठायचं धाडस होत नव्हतं. त्यानं अर्धी भाकरी संपवली. मग खाली मान घालूनच त्यानं विचारलं. त्यात भीती किती होती आणि लाज किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"काकू, पुढल्या साली ताट किती वाजता आणू?"

"बाराच्या आत," सिताबाई म्हणाल्या. "आमच्या पोरी लहान हायत."